फोटोखाली काय लिहायचं?

२८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन जवळ आला की वर्गाच्या भिंतींवर कार्डशीट चढतात. मधोमध मेरी क्युरी, शेजारी कल्पना चावला, खाली जन्म-मृत्यूच्या तारखा आणि कडेने चमकीची वेलबुट्टी. हौस दांडगी, पण तारखा वाचून कुणाचं कुतूहल चाळवत नाही. कमला सोहोनींच्या फोटोखाली लिहा की, १९३३ मध्ये बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी केवळ मुलगी म्हणून त्यांना आधी प्रवेश नाकारला, मग अटी घालून दिला. पुढे त्याच कमलाबाईंनी केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली आणि मायदेशी परतून नीरेतली पोषणद्रव्यं तपासली. ॲना मणी पुण्याच्या हवामान खात्यात आल्या आणि परदेशातून येणारी उपकरणं इथेच बनवण्याच्या मागे लागल्या. मग त्यांच्या तक्त्याखाली मुलांनी बाटली कापून केलेला पर्जन्यमापक का नको? तेव्हा सर, बाई, यंदा चमकी कमी आणि करून पाहण्याजोगं जास्त लावा. आणि मार्चमध्ये तक्ता उतरवून कपाटात टाकू नका. जूनमध्ये त्याच मुलांना पाऊस मोजायचा आहे.