पेशीचा श्वास मोजता, कामगाराचा केव्हा मोजणार?

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांना २००३ साली महानगरपालिकेचा दर्जा मिळाला. पाट्या बदलल्या, पदे वाढली. पण मॅनहोलमध्ये उतरणाऱ्याची जात बदलली काय? या प्रश्नाचे उत्तर आमच्या वस्त्यांतील शेंबडे पोरही देईल.

विज्ञान मात्र फार पुढे गेले आहे. आपल्या शरीरातील जिवंत पेशी अत्यल्प प्रमाणात वायू सोडतात. नायट्रिक ऑक्साइड हा त्यापैकी एक. रक्तवाहिन्या सैल करण्याचा निरोप हा वायू पोचवितो, या शोधाबद्दल तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज सोने, प्लॅटिनम यांचे नॅनोकण इलेक्ट्रोडवर बसवून पेशीने सोडलेला हा वायू मोजता येतो. वायूची इलेक्ट्रोडवर रासायनिक क्रिया होते, वीजप्रवाह निर्माण होतो आणि त्यावरून वायूचे प्रमाण कळते. कण जितके बारीक, तितका पृष्ठभाग जास्त आणि सेन्सर तितका तल्लख.

गटारातील मृत्यूही जिवंत पेशींनी सोडलेल्या वायूनेच होतो. साचलेल्या मैल्याला हवा मिळाली नाही की त्यातील जिवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभर भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते. पाचशे ते हजार भागांत माणूस पाहता पाहता कोसळतो. म्हणजे ‘वास येत नाही’ हे सुरक्षिततेचे नव्हे, कधी कधी मरणाचे लक्षण असते. त्याला वाचवायला धावलेला भाऊबंदही तेथेच पडतो. नाकावर भरवसा ठेवून माणूस उतरविणे हा अपघात नाही, तो निष्काळजीपणाचा गुन्हा आहे.

असे यंत्र आपल्याकडे कोठून येणार, असे कोणी म्हणू नये. जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात एल. ए. पाटील आणि डी. आर. पाटील यांनी याच हायड्रोजन सल्फाइडसाठी सेन्सर तयार केला आणि २००६ साली त्यावरील शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो इलेक्ट्रोकेमिकल नव्हे, धातूंच्या ऑक्साइडच्या थराचा होता. पण साध्या तापमानाला अल्प प्रमाणातील वायू ओळखणारा होता. खानदेशच्या प्रयोगशाळेला जे कळले, ते खानदेशच्या मॅनहोलपर्यंत का पोचू नये?

कायदाही आहे. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटार व सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरविण्यास मनाई केली. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद वा दोन लाखांपर्यंत दंड ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या वारसांना दहा लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. पण भरपाई मेल्यावर मिळते. आम्हाला माणूस जिवंत हवा आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. हातात यंत्र देऊन आमच्या माणसाला पुन्हा घाणीत उतरवा, अशी आमची मागणी नाही. सफाई यंत्रानेच झाली पाहिजे. अगदी अटळ प्रसंगी माणूस उतरणार असेल, तर आधी वायू मोजा, आकडा आणि वेळ नोंदवा, त्याखाली अभियंत्याची सही घ्या. ही नोंद असली म्हणजे ‘तो दारू प्यायला होता’ असे म्हणून ठेकेदाराला हात झटकता येणार नाहीत. ठेकेदाराच्या कामगारालाही हाच नियम लागू झाला पाहिजे.

बाबासाहेब ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात मुक्कामी राहिले. दरवर्षी त्या दिवशी हजारो भीमसैनिक तेथे जमतात. यंदा तेथून खाली उतरताना एक निवेदन सोबत असू द्या: दोन्ही महानगरपालिकांकडे वायू मोजणारी यंत्रे किती, आणि त्यांच्या नोंदवह्या कोठे आहेत? उत्तर लेखी मागा. ते मिळेपर्यंत एकाही बांधवाने मॅनहोलमध्ये पाय ठेवू नये!