जीव वाचला, पण विचारले कुणी?



गटाच्या मागच्या बैठकीला आमची एक मैत्रीण दोन महिन्यांच्या खंडानंतर आली. वय बेचाळीस, चार घरची धुणीभांडी करते. तीन वर्षे तिच्या अंगावरून जास्त जात होते. ‘बाईच्या जातीला हे चालायचंच’ म्हणत ती कामाला जात राहिली आणि एक दिवस जिन्यातच चक्कर येऊन पडली. सरकारी रुग्णालयात नेले तेव्हा हिमोग्लोबिन ५ होते. सोनोग्राफीत गर्भाशयात मोठ्या गाठी दिसल्या. आधी रक्त चढवले, मग पिशवी काढली. अकरा दिवसांनी ती घरी आली.

‘दवाखाना कसा होता गं?’ कुणीतरी विचारले.

‘चांगला होता,’ ती म्हणाली. थोडे थांबून म्हणाली, ‘आणि वाईटपण.’

चांगले काय, ते तिने आधी सांगितले. खासगीत ज्या ऑपरेशनसाठी मंगळसूत्र मोडावे लागले असते, ते इथे थोडक्या पैशात झाले. रक्तासाठी घरच्यांना पळापळ करावी लागली नाही. रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरकडे चाळीसेक बायका होत्या, तरी ऑपरेशनच्या रात्री ती तीनदा येऊन नाडी बघून गेली. शेजारच्या खाटेवरच्या आजीची सून रोज हिच्यासाठीही पेज आणायची.

मग वाईट. तपासणीच्या वेळी पडदा ओढला नाही. पाच-सहा शिकाऊ डॉक्टर भोवती उभे. पिशवी काढायलाच हवी का, असे तिने विचारले तर उत्तर मिळाले, ‘दोन पोरं झाली ना? आता पिशवीचं काय लोणचं घालायचंय?’ कागदावर सही घेतली ती नवऱ्याची. ही सातवी शिकलेली, शुद्धीवर, तिथेच खाटेवर बसलेली. टाके काढायला गेली तेव्हा कळले की पिशवीबरोबर दोन्ही बीजांडकोषही काढले आहेत. आता अंगातून गरम वाफा निघतात, झोप येत नाही. हे कशाने होते, पुढे काय काळजी घ्यायची, हे कुणी सांगितले नाही. घरी जाताना दिलेले कार्ड सगळे इंग्रजीत.

‘पण त्यांनी जीव वाचवला. मग भांडू कुठल्या तोंडानं?’

हा अंक तिच्या या प्रश्नासाठी आहे. आपल्या बायका उपचाराला उपकार मानतात आणि उपकारकर्त्याला प्रश्न विचारत नाहीत. पण उपचार बरोबर असला म्हणून वागणूक बरोबर ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नेमके हेच सांगितले. दिल्लीत एका बाईला केवळ तपासणीसाठी भूल दिली होती. ती भुलीत असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडकोष काढले. डॉक्टरांचा हेतू चांगला होता, हे न्यायालयाने मानले. तरीही जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान बाईच्या वतीने दुसऱ्याची संमती चालणार नाही, असे म्हणून २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. तिथे आईची चालली नाही, तर इथे नवऱ्याची कशी चालेल?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या विनाकारण काढलेल्या पिशव्यांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. आमच्या मैत्रिणीचे ऑपरेशन बहुधा गरजेचे होते. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजणे बरोबर नाही. पण निर्णय कुणी घेतला, हा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

यावर कुणी म्हणेल, सरकारी दवाखान्यावर टीका केली की खासगीवाल्यांचे फावते. ही भीती खरी आहे. म्हणूनच आपली तक्रार त्या सिस्टरविरुद्ध नाही. एका सिस्टरच्या गळ्यात चाळीस खाटा बांधणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध ती आहे. जादा सिस्टर मागणे आणि पडदा मागणे ही एकच मागणी आहे.

गटांनी एवढे तरी करावे. ऑपरेशनला जाणाऱ्या बाईबरोबर एक मैत्रीण जावी. काय काढणार, काय ठेवणार, दुसरा उपाय आहे का, हे सहीआधी मराठीत विचारावे आणि सही बाईनेच करावी. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत माहितीपूर्वक संमती आणि खासगीपणा हे दोन्ही हक्क आहेत. ती सनद वस्तीत वाचून दाखवावी. आणि अनुभव लिहून काढताना चांगले-वाईट दोन्ही लिहावे, म्हणजे आपल्या तक्रारीवर विश्वास बसेल.

आमच्या मैत्रिणीने दोन पत्रे लिहिली आहेत. एक त्या सिस्टरला, आभाराचे. दुसरे अधीक्षकांना, तिच्या अंगातून काय काढले आणि का, याचा मराठीत खुलासा मागणारे. दोन्हींवर सही तिचीच आहे.