बाजार उठतानाचा भाव



बाजार उठताना मेथीची जुडी निम्म्या दरात जाते. बोटीचेही तसेच, बोट सुटली की रिकाम्या खोलीचे मोल शून्य. म्हणून अलास्काच्या हिमनद्या दाखवणाऱ्या सहलींचे दर कधी कधी शेवटच्या आठवड्यांत उतरतात. अमेरिकेतल्या लेकाकडे गेलात, तर तो म्हणेल, "आई, स्वस्तात मिळतंय, जाऊ या."

जरूर जा. हंगाम मे ते सप्टेंबर. सुरुवातीला व शेवटी दर बहुधा कमी. बिनखिडकीची खोली सर्वांत स्वस्त. बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर घ्या. हेलकावे कमी लागतात. बंदराचे कर व बक्षिसी दरात धरली आहे का, तेही विचारा.

मात्र पैसे भरण्याआधी पासपोर्ट उघडा. १८८६ च्या अमेरिकन कायद्यामुळे सिएटलहून निघून तिथेच परतणाऱ्या परदेशी बोटींना वाटेत परदेशी बंदर घ्यावे लागते. ते बहुधा कॅनडातले व्हिक्टोरिया असते. म्हणजे आपल्याला कॅनडाचा व्हिसा हवा, आणि अमेरिकेचाही पुन्हा आत येऊ देणारा. तो आठवड्यात हाती पडेल असे धरू नका. कागद अपुरे असले तर बोटीवर घेत नाहीत, आणि ऐनवेळच्या तिकिटाचे पैसे सहसा बुडतात.

बियाणे घरात आल्यावरच आपण तिफण जुंपतो. तसा आधी व्हिसा, मग तिकीट.