लाकडाचा रफू आणि बिलावरच्या दोन ओळी

बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत जुने वाडे उतरत आहेत आणि त्या जागी स्लॅबची घरे उभी राहत आहेत. वाडा उतरला की आतले सामान बाहेर निघते. सागवानी खांब, तुळया, दरवाजे यांची किंमत सर्वांना ठाऊक असल्याने त्यांना गिऱ्हाईक दारात येते. पण आरशाचे कपाट, लिहिण्याचे टेबल, जुन्या रेडिओची पेटी, परदेशातून आलेल्या सिंगर पायमशीनचे टेबल अशा वस्तूंचा वरचा पापुद्रा सुटलेला दिसला की मालक म्हणतो, हे तर प्लायवूड निघाले. मग ते भंगाराच्या भावात जाते. तीच वस्तू पुढे पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात मटन स्ट्रीटवर दुरुस्त होऊन उभी राहते, आणि मधला सगळा नफा आमच्या गावाबाहेर राहतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. सुतारकी आमचा धंदा नव्हे. तरीही या विषयावर लिहितो, कारण दुकानात बसून आम्ही रफूगरांचे काम पाहिले आहे. उत्तर प्रदेशातील नजीबाबादचे मुस्लिम रफूगर काश्मिरी शालीचे भोक असे भरतात की बोट फिरवूनही कळू नये. व्हिनियरची दुरुस्ती म्हणजे लाकडाचा रफूच आहे. धागा जुळवावा तशी येथे लाकडाची रेषा जुळवायची असते.

व्हिनियर म्हणजे नकली माल हा समज आधी काढून टाकला पाहिजे. शिसव, अक्रोड, ओक अशा किमती लाकडाचा पातळ पत्रा साध्या लाकडावर चिकटवण्याची ही जुनी रीत आहे. करवतीने कापलेले जुने व्हिनियर एक मिलिमीटर किंवा त्याहूनही जाड असे. आजचे यंत्राने तासलेले बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून पातळ असते. हा पत्रा सरसाने चिकटवत. आपल्या भागात पाऊस कमी आणि उन्हाळा कडक. उन्हाळ्यात लाकूड आकसते, पावसाळ्यात फुगते, आणि वर्षानुवर्षे असे होत गेले की सरस हार मानतो. त्यातच टेबलावर तांब्या ठेवण्याची सवय.

अशी वस्तू सुताराकडे गेली की बहुतेक वेळा तीनपैकी एक होते. तो वरून खिळे मारतो, फेव्हिकॉल ओतून दाबतो, किंवा सरळ सनमायका लावतो. सनमायका लागली की जुन्या वस्तूची किंमत संपली असे समजावे. फेव्हिकॉलचे आम्ही शत्रू नाही. नव्या कामाला तो उत्तमच आहे. पण तो जुन्या सरसाच्या थरावर नीट धरत नाही, आणि एकदा वाळला की पुढच्या कारागिराला तो सहजासहजी सोडवता येत नाही. सरसाचे तसे नाही. ऊब आणि ओलावा मिळाला की तो सुटतो, आणि नवा सरस जुन्या सरसाला धरतो. कोठे कोणता डिंक आहे हे ओळखणे कठीण नाही: तपकिरी, चकचकीत, नखाने कुडकुड तुटणारा आणि कोमट पाण्याच्या थेंबाने चिकट होणारा तो सरस.

सरसाचे दाणे रात्रभर थंड पाण्यात भिजवून, दुसऱ्या दिवशी गरम पाण्याच्या भांड्यात ते भांडे ठेवून साठ अंशांच्या आसपास तापवावेत. उकळला तर त्याची ताकद जाते. (सरस कोणत्या जनावराचा हा प्रश्न एखादा कारागीर विचारील, आणि विचारावाच. उत्तर विकणाऱ्याकडून घ्यावे आणि मसला आपल्या आलिमांना विचारावा.) पत्रा कोठे सुटला आहे ते नखाने ठोकले की पोकळ आवाजाने कळते. फुगवटा असेल तर रेषेच्या दिशेनेच पातळ पात्याने चीर द्यावी, आत सरस सोडावा, वर ओलसर कापड ठेवून हलकी गरम इस्त्री फिरवावी आणि मग कागद व फळी ठेवून शिकंजा आवळून एक दिवस हात लावू नये.

तुकडाच उडाला असेल तर खरी परीक्षा. नवा पातळ पत्रा तेथे खड्डा दाखवतो; म्हणून मोडक्या सामानातून निघालेले जुने व्हिनियर कधी फेकू नये, आम्ही जसे थानाचे कापलेले तुकडे ठेवतो तसे ते जपून ठेवावे. ठिगळ चौकोनी कापू नये. रेषेला आडवा गेलेला काप डोळ्यात भरतो. होडीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते ठिगळ कापावे, ते जागेवर ठेवून त्याच्याच कडेने खालचे व्हिनियर कापावे, म्हणजे सांधा बसतो. मशीनचा पॉलिश पेपर येथे वर्ज्य. एका फेरीत पत्रा आरपार जातो. शेवटी स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा, कापसाचा बोळा आणि वर धुऊन मऊ झालेली मलमल. नवी मलमल घेऊ नका, तिचे तंतू चिकटतात. आमचे गिऱ्हाईक गेले तरी चालेल.

आता मुद्द्याचे. हेच कौशल्य फसवणुकीलाही उपयोगी पडते. ठिगळावर गडद पॉलिश चढवून वस्तू 'अस्सल भरीव शिसवी' म्हणून विकणारे आहेत, आणि त्यात आपलेही लोक आहेत. काही बांधव म्हणतात, ऐब सांगितला तर गिऱ्हाईक उठून जाईल. आम्हाला हे पटत नाही. ओला माल ढिगाच्या खाली ठेवणाऱ्या धान्यविक्रेत्याला प्रेषितांनी (स.) बाजारात काय सुनावले हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फिकहमध्ये खियार-ए-ऐब आहे. लपवलेला दोष सापडला तर माल परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आहे. आणि व्यवहाराने पाहिले तरी, जुने सामान घेणारा माणूस दुरुस्तीला घाबरत नाही, लपवाछपवीला घाबरतो. चांगला रफू झालेली शाल रफू सांगून विकली जाते. म्हणून बिलावर दोन ओळी लिहाव्यात: वस्तू व्हिनियरची आहे, आणि अमुक ठिकाणी ठिगळ घातले आहे.

कायदाही ठाऊक असावा. 1972 च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांवरील कलाकुसरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते. तशी वस्तू खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही आणि तिच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही. दुबईच्या गिऱ्हाइकाच्या नादी लागण्यापूर्वी हे पाहावे. दुरुस्तीच्या मजुरीला मात्र असा परवाना लागत नाही, आणि आमच्या मते नव्या मुलाने तेथूनच सुरुवात करावी.

हा धंदा मोठा नाही. दोन तालुक्यांत दोन-तीन हात पोसले जातील, तेही दारे-खिडक्यांचे काम सांभाळून. पहिले काम शिंप्याच्या पायमशीनच्या टेबलाचे घ्यावे. ते लहान असते, आणि बिघडले तरी मशीन चालतेच. मजुरी ठोक ठरवू नये, दिवसावर ठरवावी, कारण शिकंजा लावून थांबण्यातच निम्मा वेळ जातो आणि तो वेळ गिऱ्हाइकाला दिसत नाही.