पझेशन आधी, लिफ्ट नंतर

विमान उडवायचे खेळ, म्हणजे आपले फ्लाइट सिम्युलेटर, अर्धकच्चे असतानाच बाजारात आणतात का? हा छंद दोन-चार वर्षं केलेल्या कुणालाही विचारा. तो आधी हसेल आणि मग तक्रारींची यादी वाचायला घेईल. माझं उत्तर एका शब्दात द्यायचं तर 'हो'. पण मंडळी, त्या 'हो'च्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि रागाच्या भरात आपण त्या एकाच गोणीत भरतो. त्या जरा वेगळ्या काढू.

पहिली गोष्ट : अपुरं जग. २०२० च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला तेव्हा लोकांना मेलबर्नच्या एका साध्यासुध्या उपनगरात आभाळाला टेकलेली एक सुळक्यासारखी इमारत दिसली. कारण काय, तर ओपनस्ट्रीटमॅपवर कुणीतरी २ मजल्यांच्या ऐवजी २१२ मजले टंकले होते. नकाशात ती चूक नंतर सुधारलीही गेली, पण खेळात जुनी माहिती शिरलेली. त्याच खेळात बकिंगहॅम पॅलेस एखाद्या हपिसाच्या इमारतीसारखा दिसत होता. आता याला अर्धवट म्हणायचं का? अख्खी पृथ्वी उपग्रहचित्रांवरून आपोआप उभी करायची म्हटल्यावर असे सुळके निघणारच. ते सगळे शोधून मग प्रकाशित करू असं कुणी ठरवलं तर आपली नातवंडं तो खेळ खेळतील. पब्लिकने त्या सुळक्याच्या डोक्यावर विमानं उतरवून मजाच केली. ही चूक मला माफ आहे.

दुसरी गोष्ट : चुकलेला अंदाज. २००६ सालचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स, म्हणजे एफएसएक्स, त्या वेळच्या भल्याभल्या संगणकांवर रांगत असे. प्रोसेसरचा वेग वर्षागणिक वाढत जाईल, आज जड वाटणारा खेळ उद्याच्या यंत्रावर पळेल, असा बनवणाऱ्यांचा हिशोब होता. पण प्रोसेसर कंपन्यांनी वेग वाढवायचं सोडून कोअर वाढवायला घेतले. एका कोअरवर भिस्त ठेवलेला हा खेळ तिथेच अडकला. २००७ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने थोडा हातभार लावला, पण मूळ बांधणी कशी बदलणार? त्यात तो ३२-बिट. मुंबईहून निघून नऊ-दहा तास उडत लंडनजवळ यावं, चाकं खाली करावीत आणि नेमकी तेव्हाच मेमरी संपावी, असे किस्से त्या काळात घराघरांत होते. इथे एक तांत्रिक मुद्दा आहे. इतर खेळात लेव्हल दहा मिनिटांची असते, टेस्टर दिवसात पन्नास वेळा खेळतो. इथे एक टेस्ट केस नऊ तासांची! त्यात प्रत्येकाची जॉयस्टिक वेगळी, पेडल वेगळे, वरून बसवलेली तिसऱ्याच कुणाची विमानं वेगळी. सगळ्या जोड्या तपासणं गणितातच बसत नाही. तेव्हा यालाही मी निम्मी माफी देतो.

तिसरी गोष्ट मात्र वेगळी. माल तयार नाही हे आत सगळ्यांना माहीत आहे, तरी तारीख गाठायची म्हणून तो ढकलून द्यायचा. इथे माझी माफी संपते.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे मायक्रोप्रोजचा फाल्कन ४.०. १९९८ चा डिसेंबर, नाताळची खरेदी. खेळाची कल्पना अफाट होती. कोरियातलं अख्खं युद्ध, तुम्ही उडवा वा न उडवा, आपोआप चालू राहायचं. मॅन्युअल एवढं जाडजूड की उशाला घेऊन झोपावं. पण खेळ मात्र इतका ढासळायचा की युद्धापेक्षा विंडोजच जास्त वेळा पडत असे. पॅच निघत गेले, सुधारणा होत गेली, आणि १९९९ च्या डिसेंबरात ते काम करणाऱ्या टीमलाच नारळ मिळाला. २००० साली त्याचा सोर्स कोड फुटला. मग जगभरच्या हौशी प्रोग्रामरांनी नोकऱ्या सांभाळून, रात्री जागून तो खेळ पुरा करायला घेतला. त्यातूनच आजचा फाल्कन बीएमएस उभा राहिला. तो फुकट आहे, फक्त मूळ फाल्कनची प्रत तुमच्याकडे हवी.

ही गोष्ट सांगताना लोकांचे डोळे पाणावतात. काय ती निष्ठा, काय ते प्रेम! मान्य. पण जरा उलट बाजूने बघा. कंपनीने पैसे घेतले, आणि काम पुरं केलं गिऱ्हाइकांनी, तेही बिनपगारी. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्यांचं कौतुक जरूर करावं, पण लष्कराच्या मुदपाकखान्यात काय चाललं होतं हेही विचारावं की नाही? २०११ च्या क्लिफ्स ऑफ डोव्हरचीही तीच कथा. मोडक्या अवस्थेत आला, बनवणाऱ्यांनी पुढे हात टेकले, टीम फ्यूजन नावाच्या हौशी मंडळींनी तो सावरला आणि शेवटी २०१७ मध्ये त्यांच्याच कामावर नवी आवृत्ती विकायला आली. आपल्या प्रेमाचा हिशोब आता या धंद्याच्या ताळेबंदात धरला जातो की काय, अशी शंका येते.

आणि दर वेळी सावरायला कुणी येईलच असं नाही. डीसीएस वर्ल्डमध्ये विमानं एकेक करून विकतात, बहुतेक 'अर्ली अ‍ॅक्सेस' या पाटीखाली. पाटी प्रामाणिक आहे, तक्रार नाही. पण २०२३ च्या जूनमध्ये रॅझबॅमचं एफ-१५ई असं विकायला आलं आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये रॅझबॅम आणि डीसीएसवाल्या ईगल डायनॅमिक्सचं पैशांवरून जाहीर भांडण झालं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं, रॅझबॅमने काम थांबवलं. भांडणात चूक कुणाचीही असो, अधांतरी लटकला तो पैसे मोजलेला माणूस.

पुण्यामुंबईत फ्लॅट घेतलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. पझेशन आधी, लिफ्ट पुढच्या महिन्यात. पाणी तूर्तास टँकरचं. क्लब हाऊस ब्रोशरमध्ये. फरक एवढाच, की तिथे निदान भोगवटा प्रमाणपत्र नावाचा एक कागद असतो.

खऱ्या वैमानिकांच्या सिम्युलेटरलाही तसा कागद असतो. सर्वांत वरच्या 'लेव्हल डी'च्या यंत्राला खऱ्या विमानात मोजलेल्या आकड्यांशी आपले आकडे ठरलेल्या मर्यादेत जुळवून दाखवावे लागतात, आणि पुढेही वेळोवेळी परीक्षा द्यावी लागते. तेही पूर्ण असतं असं नाही हं. २०१९ च्या मे महिन्यात बोइंगनेच मान्य केलं की ७३७ मॅक्सच्या सिम्युलेटरना काही विशिष्ट परिस्थिती हुबेहूब उभ्या करता येत नव्हत्या. म्हणजे शंभर टक्के पूर्ण काही नसतंच. 'पूर्ण' याचा अर्थ एवढाच, की काय चालायलाच हवं याची यादी आधी लिहिली, ती तपासली, आणि जे जमलं नाही ते लपवलं नाही.

आमच्या धंद्यात हे रोज चालतं. रिलीजच्या आधी मीटिंग होते, माहीत असलेल्या चुकांची यादी गिऱ्हाइकासमोर ठेवली जाते, तो 'ही चालेल, ही नाही चालणार' असं सांगतो आणि सही करतो. बँकेचं सॉफ्टवेअर घेणाऱ्याला हा मान मिळतो. मग घरी बसून स्वतःच्या पगारातून विमान घेणाऱ्याला का मिळू नये?

आता विरुद्ध बाजू. हा बाजार लहान, खर्च प्रचंड. आगाऊ पैसे आले नाहीत तर खेळच बनणार नाहीत, असं म्हणतात. त्यात तथ्य आहे. मायक्रोसॉफ्टने एफएसएक्स बनवणारा आपला एसेस स्टुडिओ २००९ च्या जानेवारीत बंदच केला होता. २०१२ च्या फेब्रुवारीत त्यांनी 'फ्लाइट' नावाचा आटोपशीर खेळ काढला, जग म्हणाल तर हवाई बेटांपुरतं. लोकांनी नाकं मुरडली आणि जुलैमध्ये त्यावरचं काम थांबलं. म्हणजे लहान घास आपल्याला नको असतो. आपल्याला अख्खी पृथ्वी हवी, तीही याच दिवाळीत. तेव्हा थोडं पाप आपल्याही पदरात आहे.

पण यावरून एवढंच सिद्ध होतं की अपुरा माल विकावा लागतो. न सांगता विकावा, हे कुठे सिद्ध होतं? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये नवा फ्लाइट सिम्युलेटर आला. यात बहुतेक सगळं जग दूरच्या सर्व्हरवरून येतं. पहिल्याच दिवशी सर्व्हर कोलमडले, कित्येकांची पट्टी ९७ टक्क्यांवर थिजली. दोन लाख कृत्रिम खेळाडू सोडून चाचणी केली होती, असं प्रमुखांनी माफी मागताना सांगितलं. माफी मागितली हे बरंच झालं. पण सर्व्हर पडला तर तुमच्या टेबलावरचं विमानही जमिनीवर बसणार, हे विकत घेणाऱ्या किती जणांना ठाऊक होतं?

माझ्या मागण्या फार नाहीत. खरेदीच्या पानावर माहीत असलेल्या चुकांची यादी द्या. 'अर्ली अ‍ॅक्सेस' असेल तर काय कधी होणार याचा कागद द्या, आणि झालं नाही तर पैसे परत. उड्डाण, वळण, उतरणं एवढं तरी इंटरनेटशिवाय चाललं पाहिजे. आणि खेळ उतरवून घेण्याचे तास खेळण्याच्या तासांत धरू नका. स्टीमवर दोन तासांच्या आत परतावा मिळतो, आणि २०२० च्या खेळाचा मुख्य साठा खेळ सुरू केल्यावरच उतरत असे. आपल्याकडच्या नेटवर विमान धावपट्टीवर यायच्या आत मुदत संपली!

फ्लाइटगिअर नावाचा एक फुकट खेळ आहे. नव्वदच्या दशकात स्वयंसेवकांनी सुरू केला आणि १.० हा आकडा लावला तो थेट २००७ च्या डिसेंबरात. तोवर ०.९ च्याच पुढे-मागे. एक पैसा न घेणाऱ्यांना 'अजून झालं नाही' असं दहा वर्षं सांगता येतं. पैसे घेणाऱ्यांनी ते खोक्यावर एका ओळीत छापलं तरी माझ्यासारखे पुष्कळ जण घेतील. डोळे उघडे ठेवून घेतील, एवढंच.