बिनतारी, पण दोरी कुणाच्या हाती?

'सुधारणा' या शब्दावरून महाराष्ट्राने भांडणे काही थोडीथोडकी केलेली नाहीत. १८८८ साली आगरकरांनी 'सुधारक' काढले, तेव्हा त्यांच्याशी कडाडून वाद घालण्याची सोय तरी होती. सुधारणा दारात उभी राहून आधी आपले म्हणणे मांडीत असे. संगणकाच्या कार्यप्रणालीची हल्लीची सुधारणा मात्र मध्यरात्री मागील दाराने शिरते, आपण झोपेत असताना बिऱ्हाड थाटते आणि सकाळी आपल्यालाच विचारते, "आपण कोण?"

गेल्या दिवाळीतली गोष्ट. भाऊबीजेचा पाट मांडलेला, समोर चौरंगावर लॅपटॉप. परदेशी असलेली थोरली बहीण त्यातून ओवाळणार, हा आमच्या घरचा पाच वर्षांचा रिवाज. पण लॅपटॉप रात्रीतून 'अद्ययावत' झाला होता आणि वायफायची खूणच पडद्यावरून नाहीशी झाली होती. फोनला वायफाय मिळत होते. म्हणजे दोष राउटरचा नव्हता. अखेर तळहाताएवढ्या फोनवर ओवाळणी उरकली.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराने निकाल दिला, "काका, कार्ड गेलं. खरं म्हणजे लॅपटॉपच बदला आता." आदल्या रात्रीपर्यंत धडधाकट असलेले कार्ड एका रात्रीत कसे गेले, हे त्या गृहस्थाला विचारावेसेही वाटले नाही!

संध्याकाळी फराळाला आलेल्या भाचीने चकली खाता खाता ते यंत्र पुढे ओढले. विमान मोड चुकून लागलेला नाही, हे आधी पाहिले. मग डिव्हाइस मॅनेजर उघडला. कार्ड यादीत होते. शेजारी पिवळे उद्गारचिन्ह होते. "मामा, कार्ड जिवंत आहे. त्याचा ड्रायव्हर बदललाय."

वाचकहो, ड्रायव्हर म्हणजे सारथी. कार्ड हा घोडा. त्याची भाषा कार्यप्रणालीला येत नाही, ती सारथ्याला येते. नव्या राजवटीने आमचा जुना सारथी हाकलून आपल्या पदरचा कुणी सोम्यागोम्या नेमला होता आणि त्याला हा घोडा ठाऊक नव्हता. जुना सारथी परत बोलावण्याचे बटण होते, पण ते दाबता येत नव्हते. नवा ड्रायव्हर इंटरनेटवरून आणावा म्हटले, तर इंटरनेटसाठीच ड्रायव्हर हवा! कुलपाची किल्ली कपाटात आणि कपाटाला तेच कुलूप. भाचीने फोन केबलने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला दिले, लॅपटॉप बनवणाराच्या संकेतस्थळावरून जुना ड्रायव्हर उतरवून बसवला, यंत्र बंद करून पुन्हा चालू केले. वायफाय आले. खर्च : दोन चकल्या.

कुणी म्हणेल, सुधारणाच नको का? तसे आम्ही म्हणणार नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए-टू या सुरक्षाकवचातच भगदाड सापडले, ते सुधारणांनीच बुजवले गेले. कुलपे वेळेवर बदललीच पाहिजेत. परंतु कुलूप बदलणाऱ्याने घरमालकाला बाहेर कोंडावे, याला सुधारणा म्हणत नाहीत.

खरा प्रश्न मालकीचा आहे. पैसे मोजून कार्ड आम्ही घेतले; पण ते चालवण्याची विद्या उत्पादकाच्या पेटीत बंद. त्याने लक्ष काढून घेतले, की चांगली वस्तू भंगारात. ही तक्रार नवी नाही. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका लेझर प्रिंटरचा प्रोग्रॅम दुरुस्त करायचा होता. त्याचा मूळ मजकूर त्यांना नाकारण्यात आला. त्या नकाराचा डंख मनात राहिलेल्या या माणसाने १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरचा 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. पुढे ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांची माहिती मिळेना, तेव्हा काही प्रोग्रॅमरांनी त्या चिपा कशा वागतात हे पारखून लिनक्ससाठी स्वतःच ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो लिनक्सच्या गाभ्यात आला. आणि सप्टेंबर २०१० मध्ये त्याच कंपनीने आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर आपण होऊन दिला. आकाश कोसळले नाही! तेव्हा 'अशक्य आहे' ही सबब आता पुरे.

आमचे मागणे तीनच ओळींचे आहे. सुधारणेपूर्वी यंत्रातला कोणता भाग अडेल, ते स्पष्ट सांगा. जुना ड्रायव्हर घरातच राहू द्या आणि तो परत लावण्याचे बटण चालते ठेवा. आणि एखाद्या वस्तूकडे पाहणे तुम्ही सोडून देणार असाल, तर तिची विद्या जाहीर करा; आमच्या भाच्या-पुतण्या पुढचे पाहून घेतील.

तोवर, वाचकहो, एवढे करा : दुकानदाराने 'कार्ड गेलं' म्हटले, की पाकीट काढण्याआधी त्याला विचारा, "कार्ड गेले, की सारथी?"