तक्रार पुरे, आता मोजणी हवी

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पहिली पाणीगाडी लातूरला पोहोचली. तिच्या १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. देशभरातील वृत्तपत्रांनी त्या गाडीची छायाचित्रे छापली. परंतु मांजरा धरण कोरडे का पडले, टंचाईच्या प्रदेशात ऊस किती असावा, यासाठी त्याच पानांवर किती जागा मिळाली? ‘माध्यमांना केवळ तमाशा हवा असतो’, हे उत्तर नांदेड-लातुरातील कोणत्याही कट्ट्यावर मिळेल. ते खरेही असेल. पण ते मत झाले, पुरावा नव्हे.

मतापासून पुराव्याकडे नेणारी एक वाट संज्ञापनशास्त्रात आहे. तिचे नाव संख्यात्मक आशय विश्लेषण. अमेरिकी अभ्यासक बर्नार्ड बेरेलसन यांनी १९५२ मध्ये तिची चौकट मांडली. जे उघडपणे छापले गेले आहे, त्याचीच पूर्वनिश्चित नियमांनी, पूर्वग्रह बाजूला ठेवून मोजदाद करायची, हा तिचा गाभा.

पाणीगाडीचेच उदाहरण घ्यावे. हाती लागतील ते अंक उचलून चालत नाही. त्या काळातील सर्व सोमवारांतून एक, सर्व मंगळवारांतून एक, असे अंक चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि सात वारांचा आठवडा रचायचा. पाणीगाडी, नेत्यांचे दौरे, पीकपद्धती, जलसंधारण हे वर्ग आधीच ठरवायचे. मग प्रत्येक बातमीचा वर्ग, पान आणि स्तंभ-सेंटिमीटर नोंदवायचे. तेच अंक दुसऱ्या अभ्यासकाने स्वतंत्रपणे तपासायचे. क्लाउस क्रिपेनडॉर्फ यांच्या निर्देशांकानुसार दोघांतील एकवाक्यता साधारणतः ०.८० पेक्षा कमी भरली, तर निष्कर्षाची घाई न करता नियमच पुन्हा तपासावे लागतात. त्याच वर्षीच्या पावसाने मांजरा भरले. त्यानंतर पाण्याचा विषय पानांवर कितपत उरला, हेही याच रीतीने कळेल.

या पद्धतीला मर्यादा आहेत. मथळ्यातील उपरोध फूटपट्टीने मोजता येत नाही आणि वाचकाच्या मनावर काय ठसले, हे केवळ छापील मजकुरावरून कळत नाही.

तरीही हे काम येथेच व्हावे. १९९४ मध्ये नांदेडला स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे लातूरला उपकेंद्र आहे. तेथील विद्यार्थ्यांना विषय शोधत दूर जाण्याची गरज नाही. मुंबई-पुण्याच्या पत्रांइतकेच दुर्लक्ष आपल्या जिल्ह्यातील पत्रांनीही केले, असे कदाचित निघेल. माध्यमे पक्षपाती आहेत असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने, कार्यकर्त्यानेही, आपल्याविरुद्ध जाणारा आकडा स्वीकारण्याची तयारी ठेवावी. ती तयारी नसेल, तर मोजणीचा खटाटोप व्यर्थ आहे.